रावेरचा केळीभाव नावाने मागवताना: साठा कुठे ठेवावा, मार्ग कसा ठरवावा

व्हॅन जेकबसन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेल्या माहितीकेंद्री जाळ्यात मागणी यंत्राच्या पत्त्यावर न जाता माहितीच्या नावाने जाते, आणि वाटेतला कोणताही नोड (जाळ्यातले यंत्र) आपल्या साठ्यातून तिला उत्तर देऊ शकतो. हे समजून घ्यायला एका लॅपटॉपवर मिनी-एनडीएन (असे जाळे एकाच यंत्रावर उभे करून पाहण्याचे सॉफ्टवेअर) पुरते. रावेर, भुसावळ, जळगाव, अमळनेर, नंदुरबार असे नोड रेल्वेमार्गाप्रमाणे ओळीने जोडावेत; जळगावहून चाळीसगावमार्गे धुळ्याला फाटा काढावा आणि धुळे–अमळनेर हा आडमार्गही जोडावा.

नाव ‘/रावेर/केळी/भाव/तारीख’ असे गावापासून सुरू करावे. सर्वांत लांब जुळणाऱ्या उपसर्गावरून (नावाच्या सुरुवातीच्या भागावरून) मार्ग निवडला जात असल्याने रावेरच्या साऱ्या मालासाठी मार्गतक्त्यात एकच नोंद पुरते. ‘/केळी’पासून सुरुवात केली तर प्रत्येक मालागणिक प्रत्येक गावाची वेगळी नोंद वाढते.

साठ्याची मूळ पद्धत सर्वत्र प्रत ठेवण्याची आहे. नंदुरबारच्या एका मागणीने भुसावळपासून नंदुरबारपर्यंत चार ठिकाणी तोच भाव साठतो आणि साठे लहान असतील तर उपयोगाची माहिती बाहेर ढकलली जाते. म्हणून उत्तर जिथून मिळाले त्याच्या एकच पायरी खाली, म्हणजे मागणाऱ्या ग्राहकाच्या दिशेने, प्रत ठेवावी: पहिल्या मागणीला ती भुसावळला पडते, दुसरीला जळगावला. जो भाव वारंवार मागितला जातो तोच ग्राहकाकडे सरकतो. यासाठी एनएफडीच्या (प्रत्येक नोडवर मागण्या पुढे पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कोडमध्ये थोडा बदल करावा लागतो, पण तो करण्याजोगा आहे.

ताजेपणाची मुदत डेटावर लिहून भागत नाही. मी ती लिहिली होती, तरी धुळ्याला शिळा भाव आला. कारण मुदत संपलेली प्रतही साठ्यातच राहते आणि ‘ताजेच हवे’ ही खूण मागणीत नसेल तर तीच उत्तर म्हणून परत येते.

मार्गांची माहिती नोडांमध्ये पसरवण्याचे काम एनएलएसआर या मार्गनिर्धारण प्रोग्रॅमवर सोपवावे. मागणी पुढे पाठवण्यासाठी ‘बेस्ट-रूट’ धोरण पुरेसे आहे: ते कमी खर्चाच्या मार्गावरचा शेजारी नोड निवडते आणि ग्राहकाने तीच मागणी पुन्हा पाठवल्यास, आधी न वापरलेला शेजारी असेल तर त्याच्याकडे वळते. मागणीची मुदत न लिहिल्यास ती ४ सेकंद धरली जाते; एवढे थांबणे नको असेल तर ती कमी ठेवावी. चाळीसगावचा दुवा तोडून हे तपासताना मात्र दर वेळी नव्या तारखेचा भाव मागावा, नाहीतर उत्तर अमळनेरच्या साठ्यातून येते आणि रावेरपर्यंतचा मार्ग चालला असा समज होतो.