मस्कतच्या कॅसेटी: जुनी टेप संगणकात उतरवताना

आमच्या घरी पत्रं दोन तऱ्हेची असायची. एक पोस्टमन आणायचा, दुसरं टेपवर बोललं जायचं. १९८४ साली नाना, म्हणजे माझा धाकटा काका, मस्कतला नोकरीला लागला आणि पहिल्या सुट्टीला गुहागरच्या घरी टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेलं यंत्र, घेऊन आला. आजीला लिहिता येत नव्हतं, पण आता तिचं त्यावाचून अडेना. महिन्या-दीड महिन्याने ओटीवर टू-इन-वन मांडायचा, पोरांना अंगणात पिटाळायचं आणि आजीने नानाशी बोलायचं. गावातलं कुणी ना कुणी मस्कतला परत जातच असे, त्याच्या हाती कॅसेट द्यायची. नानाने त्यातल्या सात कॅसेटी जपून ठेवल्या आणि नोकरी संपवून परत येताना बॅगेत घालून आणल्या.

मला यंत्रांचं वेड लागलं ते त्याच टू-इन-वनमुळे. नंतर कितीतरी डेक, वॉकमन, ॲम्प्लिफायर घरात आले, उघडले, जोडले. पण खरा कस लागला तो या सात कॅसेटी संगणकात उतरवताना. तुमच्याही माळ्यावर कुणाचा आवाज असलेल्या कॅसेटी पडून असतील, म्हणून काय कसं करायचं ते सविस्तर सांगते.

सगळ्यात आधी, कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी, तिच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे दात बघा. ते शाबूत असतील तर तोडून टाका. ‘ए’ बाजू तुमच्याकडे धरली की डावीकडचा दात त्या बाजूचा. दात नसला की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही, त्यामुळे चुकून आवाज पुसला जाण्याची भीती उरत नाही. पाच सेकंदांचं काम आहे, पण ते पहिलं.

मग कॅसेट उजेडात धरून खिडकीतून टेपच्या थराकडे बघा. कडेला पांढुरकी पूड किंवा जाळं दिसलं तर ती बुरशी. कोकणातल्या घरात चार महिने पाऊस, भिंतींना ओल, त्यामुळे आमच्याकडे हे हमखास. बुरशी लागलेली कॅसेट चांगल्या डेकमध्ये कधीच घालू नका, तिथून ती पुढच्या कॅसेटीला लागते. ती कॅसेट हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर काही दिवस ठेवा आणि बाजूला काढा. उन्हात किंवा ड्रायरने तापवायची नाही, टेप वाकडी होते. कॅसेटीच्या उघड्या कडेला, टेपच्या मागे, मध्यावर, छोटा नमद्याचा तुकडा असतो. तो टेपला हेडवर, म्हणजे यंत्रातल्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो. गळून पडला असेल तर आवाज येतो-जातो. अशा वेळी पाच स्क्रूंची एक साधी कॅसेट घ्या, तिची टेप काढा आणि आपल्या टेपची दोन्ही चाकं तिच्यात बसवा. स्क्रू नसलेली, चिकटवलेली कॅसेट असेल तर कवच जपून फोडावं लागतं. तुटलेली टेप जोडायला सेलोटेप वापरू नका. तिचा गोंद पाझरून थरांना थर चिकटतात. टेपच्या रुंदीची, म्हणजे ३.८१ मिलिमीटरची, खास जोडपट्टी मिळते.

सैल टेप नटराज पेन्सिलीने घट्ट करायची हे तुम्हाला माहीत आहेच. त्यापुढची गोष्ट: वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट वाजवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे न्या. चिकटून बसलेले थर मोकळे होतात. सी-१२०, म्हणजे दोन्ही बाजू मिळून १२० मिनिटांची कॅसेट, असेल तर हे फार हळू करा, कारण बाजूला एक तास मावावा म्हणून तिची टेप सी-६० च्या जवळजवळ निम्म्या जाडीची असते.

आता यंत्र. बाजारात थेट संगणकाला जोडायचे छोटे, हलके कॅसेट प्लेअर मिळतात. मी सुरुवातीला तसाच एक घेतला होता. तिसऱ्या मिनिटाला आवाज घोगरा झाला, झाकण उघडलं तर टेप रबरी चाकाला गुंडाळली गेलेली. आजी नानाला घराच्या शाकारणीचं सांगत होती, त्यातला सात-आठ सेकंदांचा भाग चुरगळला तो कायमचा. म्हणून कळकळीने सांगते, संगणकाचा विचार नंतर करा, आधी चांगला जुना डेक मिळवा. दुकानातून नव्हे तर नातेवाइकांकडून मागा, बऱ्याच घरी म्युझिक सिस्टिमचा डेक नुसता पडून असतो. दोन्ही बाजू आपोआप वाजवणारा घेऊ नका, एकाच दिशेने वाजणारा साधा डेक बरा. त्याचं हेड नीट जुळवता येतं.

डेकमधला बेल्ट बहुधा सैल झालेला असतो, काही वेळा तर डांबरासारखा वितळून कप्पीला चिकटलेला. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुना बेल्ट सोबत घेऊन जा, मापाचा बेल्ट मिळतो. नंतर साफसफाई. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी घेऊन हेड, टेप ओढणारी बारीक पोलादी दांडी आणि तिला टेकणारं रबरी चाक पुसा. काडीला तपकिरी रंग यायचा थांबेपर्यंत पुसत राहा. पूर्ण वाळल्यावरच कॅसेट घाला. मी प्रत्येक कॅसेटीनंतर पुसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक जण नेमकं हेच सोडून देतात: हेडचा कल. हेडमध्ये एक अतिशय बारीक उभी फट असते. ती टेपच्या दिशेला बरोबर काटकोनात हवी. ती केसभर जरी कलली तरी वरचे, बारीक स्वर नाहीसे होतात. ‘स’, ‘श’, ‘च’ बोथट होतात आणि माणूस तोंडावर पदर धरून बोलल्यासारखा वाटतो. पण डेक अगदी काटकोनात असून भागत नाही. ज्या यंत्रावर रेकॉर्डिंग झालं त्याचं हेड जितकं कललेलं होतं, तितकंच तुमच्या डेकचं कलवावं लागतं. आमच्या टू-इन-वनचं हेड कलंडलेलं होतं. तेव्हा घरी कुणाला जाणवलं नाही, कारण रेकॉर्ड त्यावरच आणि ऐकणं बहुधा त्यावरच.

डेकचं झाकण काढा. हेडच्या बाजूला दोन स्क्रू दिसतील, त्यातल्या एकाखाली स्प्रिंग असते. तो कल बदलणारा स्क्रू. फिरवण्याआधी त्याची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा. स्क्रूड्रायव्हर लोहचुंबक लागलेला नको. कॅसेट सुरू करा, हेडफोन लावा, ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा, कारण डाव्या आणि उजव्या कानाचा आवाज एकत्र केला की कलातला फरक फार ठळक ऐकू येतो. आता स्क्रू एका वेळी अगदी थोडा, घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांइतका, फिरवा. एका जागी आवाजावरचा पडदा सरकल्यासारखा वाटेल, पुढे गेलात की परत बोथट होईल. त्या दोन्हींच्या मध्ये थांबा.

आमच्या दुसऱ्या कॅसेटीला मी हे करत होते तेव्हा आजीच्या बोलण्यामागे नुसती खरखर होती. मी ती टेपची खरखर समजत होते. स्क्रू जरासा फिरला आणि खरखरीचे सुटे सुटे थेंब झाले. त्या पागोळ्या होत्या, कौलांवरून अंगणातल्या दगडावर पडणाऱ्या. आजी म्हणत होती, “बाबू, हिकडं पाऊस लागलाय हो, ऐकतोस ना?” तिने टू-इन-वन मुद्दाम दाराजवळ ठेवायला सांगितला होता, हे मला तेव्हा कळलं. दर कॅसेटीला हे पुन्हा करा. नानाने मस्कतहून पाठवलेली उत्तरं वेगळ्या यंत्रावरची, त्यांचा कल वेगळा.

जोडणी सोपी आहे. डेकच्या मागच्या लाइन-आउटमधून लाल-पांढरी वायर घ्या आणि लाइन-इन असलेल्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे आवाज संगणकात नेणाऱ्या छोट्या डबीला, जोडा. लॅपटॉपचं हेडसेटचं भोक वापरू नका, ते माइकसाठी असतं, मोनो असतं आणि त्यात आवाज फाटतो. डेकवर डॉल्बी, म्हणजे टेपची खरखर कमी करणारी सोय, बंद ठेवा, कारण साध्या टू-इन-वनवर रेकॉर्ड करताना डॉल्बी नसे. टेपचा प्रकार निवडायचं बटण असेल तर ‘नॉर्मल’.

संगणकावर ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. ४४.१ किलोहर्ट्झ, स्टिरिओ. १६ बिट की २४ बिट यावर फार डोकं शिणवू नका, कॅसेटीचा आवाका १६ बिटमध्येही आरामात मावतो. २४ घेतलं तर आवाजाची पातळी ठरवताना थोडी मोकळीक मिळते इतकंच. १६ बिटला मिनिटाला साधारण १० एमबी जागा लागते, म्हणजे सी-९० ची पूर्ण कॅसेट एक जीबीच्या आत. आधी सर्वांत मोठ्या आवाजाचा भाग वाजवून बघा आणि मीटर उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही असं ठेवा. कमी पातळी नंतर वाढवता येते, फाटलेला आवाज मात्र दुरुस्त होत नाही. मग टेप अगदी सुरुवातीला न्या, आधी संगणकावर रेकॉर्ड आणि नंतर डेकवर प्ले.

बोलणं संपलं म्हणून मध्येच थांबवू नका, बाजू पूर्ण वाजू द्या. आमच्या चौथ्या कॅसेटीवर अकरा मिनिटांच्या शांततेनंतर जुन्या, अर्धवट पुसलेल्या रेकॉर्डिंगचा तुकडा निघाला. मी पाढे म्हणते आहे आणि आजी चुकलेला आकडा दुरुस्त करते आहे.

वेगाचा प्रश्न येतोच. टू-इन-वन विजेवर चालत असेल तर रेकॉर्डिंगमध्ये विजेची बारीक गुणगुण असते. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज आहे त्याचा आलेख, काढून बघा, ५० किंवा १०० हर्ट्झच्या आसपास टोक दिसेल. १०० ऐवजी १०४ वर असेल तर टेप सुमारे चार टक्के जलद वाजते आहे. त्या काळी विजेची फ्रिक्वेन्सीच खाली-वर व्हायची, म्हणून शेवटचा निर्णय कानाने घ्या. माणूस ओळखीचा वाटला पाहिजे. रेकॉर्डिंग सेलवर झालं असेल तर वेगळीच गंमत. सेल उतरत गेले की टेप हळू फिरते, त्यामुळे आज योग्य वेगाने वाजवल्यावर आवाज चढत जातो. आजीचा आवाज कॅसेटीच्या शेवटी लहान मुलीसारखा झाला होता. असा वेग हळूहळू बदलत गेला असेल तर ऑडॅसिटीतला ‘स्लायडिंग स्ट्रेच’ हा इफेक्ट सुरुवातीला शून्य आणि शेवटी उणे असा लावता येतो.

खरखर काढण्याच्या इफेक्टला मात्र फार आवर घाला. मी पहिल्या कॅसेटीला तो भरपूर लावला. खरखर गेली, आणि आजी पाण्याखालून बोलल्यासारखी झाली. तिचा श्वास, बांगड्या, मध्येच जिभेने केलेलं ‘च्च’, सगळं त्यात वाहून गेलं. मूळ फाइल ठेवली होती म्हणून वाचले. उतरवलेली पहिली प्रत जशीच्या तशी फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीच न गाळणाऱ्या फाइलीत, साठवा, तिला हात लावू नका. काटछाट, वेग, खरखर हे सगळं दुसऱ्या प्रतीवर. व्हॉट्सॲपवर पाठवायला तिसरी, एमपी३.

फाइलला नाव देताना साल, गाव, कोण बोलतंय आणि कॅसेटीची बाजू लिहा. ‘टेप १’ असं नाव दिलं तर दहा वर्षांनी कुणालाच अर्थ लागणार नाही. एक प्रत तुमच्याकडे, एक दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे. आमची दुसरी प्रत रत्नागिरीला चुलतभावाकडे आहे.

उतरवून झालेली कॅसेट फेकू नका. ती पूर्ण एका बाजूला गुंडाळून, डबीत, उभी ठेवा. स्पीकर आणि मोटरपासून लांब, डब्यात सिलिका जेल. जेलचे मणी निळ्याचे गुलाबी झाले की बदला.

माझ्या सहा कॅसेटी झाल्या. सातवीला बुरशी आहे, ती डब्यात कोरडी होते आहे. तिच्यासाठी एक जुना, मोडका डेक वेगळा काढून ठेवला आहे. टेप त्यावर फिरवत मऊ कोरड्या कापडातून न्यायची, तोंडाला मास्क बांधून, उघड्या गच्चीवर. पाऊस गेला की ऑक्टोबरात करीन. डबीवर नानाच्या अक्षरात लिहिलंय: आई, गणपती, १९८७.