पुण्यात नवीन आलात? आधी ‘का’ सांभाळा

नागपूरकडून नोकरीसाठी पुण्यात येणाऱ्यांना भाड्याच्या घरांचं आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकचं सगळेच सांगतात. मी बोलण्याचं सांगतो. मराठी तर येतेच, म्हणून आपण तिकडे लक्ष देत नाही. मोठमोठ्या शब्दांनी काही बिघडत नाही. घोळ घालतात ते एक-दोन अक्षरांचे.

‘का’च घ्या. आपल्याकडे ‘का करून राहिले?’ म्हणजे काय करताय. इथे ‘का’ म्हणजे कशासाठी, आणि ‘राहिले’ म्हणजे मुक्काम. कोथरूडच्या जिन्यात शेजारच्या काकांना असं विचारलंत, तर ते चष्मा सरकवून ‘म्हणजे?’ म्हणतील. शिवाय जागाही सांभाळायची. ‘येताय का?’ हे आमंत्रण, ‘का येताय?’ ही उलटतपासणी. पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ आहेत, त्यांचं मात्र बरं चालतं: जपानीतही क्रियापद शेवटी येतं आणि त्यापुढे ‘का’ लावला की प्रश्न होतो. ‘सो देस का’ म्हणजे ‘असं आहे का’, अगदी आपल्या चालीवर. हिंदीवाल्या रूममेटचा ‘का’ म्हणजे नुसता ‘चा’.

‘बे’ गाडीतच सोडून या. आपल्याकडे त्यात माया असते, हे इथल्या माणसाला पहिल्या भेटीत कसं कळावं? दोस्तांत ‘काय राव’ चालतं. वयानं मोठ्या माणसाला अहो-जाहो, रिक्षावाल्याला काका किंवा दादा. पण पंजाबी रूममेट ‘काका’ ऐकून हसला तर रागावू नका, त्याच्याकडे काका म्हणजे लहान पोरगा. तमिळमध्ये ‘काक्का’ म्हणजे तर कावळा!

जर्मन कंपनीत लागलात तर कॉलवर ‘या, या’ ऐकू येईल. कोणी बोलावत नाहीये, ते ‘हो, हो’ म्हणताहेत. गुजराती दुकानदार आतल्या माणसाशी बोलताना ‘छे’ म्हणाला, तर माल नाही असं समजून परत फिरू नका. त्यांचं ‘छे’ म्हणजे आहे. आपलं ‘छे’ नेमकं उलटं. ‘बा’ची तर गंमतच. कन्नडमध्ये ‘ये’, गुजरातीत आई (कस्तुरबांना सगळे ‘बा’च म्हणत), आणि आपल्या गावाकडे बाप.

राहिला पुणेरी घरमालकांचा ‘बघू’. त्याचा अर्थ कुठल्याच परभाषेत शोधायला नको, सूर ऐका. ‘बघू, उद्या माणूस पाठवतो’ असेल तर एक दिवस थांबा. ‘बघू हं’मधला ‘हं’ लांबला, तर प्लंबर आपणच बोलवा, पावती घ्या आणि भाडं देताना ती दाखवा.