संगीत नाटकासाठी गाणी लिहायचीयत? आधी पेटीवाल्याशी जमवा

परवा एका मुलीने विचारलं, ताई मला संगीत नाटकाची गाणी लिहायचीयत, सुरुवात कुठून करू? तिला वाटलं मी वृत्तांची यादी देईन. मी म्हटलं, आधी असा एक पेटीवाला, म्हणजे चाली बांधणारा संगीतकार शोध ज्याच्याशी तुला मनमोकळं भांडता येईल.

मी स्वतः कवितेतून आले. पहिल्या नाटकाला बारा गाणी लिहिली, नीट टाईप करून संगीतकार मित्राच्या हातात ठेवली आणि वाटलं झालं माझं काम. त्याने त्यातली चार घेतली. बाकीची म्हणे 'वाचायला छान आहेत'. दोन दिवस मी फोनच उचलला नाही त्याचा.

मग कळलं की आधी शब्द की आधी चाल, हे दोघांनी बसून ठरवायचं असतं, आणि तेही गाण्यागणिक. आपल्याकडे चाल आधी ही पद्धत फार जुनी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' आणलं तेव्हा लोकांच्या ओळखीच्या चालींवर पदं बांधली, जुन्या नाटकांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच गाण्याची ओळ छापलेली दिसते ती त्यामुळेच. १९११ च्या 'मानापमान'मधे गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-कजरीच्या अंगाच्या चाली दिल्या आणि नाटककार खाडिलकरांनी त्यात शब्द बसवले. तिकडे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर रिचर्ड रॉजर्स हा एकच संगीतकार बघा, गीतकार लॉरेन्झ हार्टबरोबर काम करताना बहुतेक वेळा त्याची चाल आधी, आणि १९४३ च्या 'ओक्लाहोमा!' या संगीतिकेपासून दुसरा गीतकार ऑस्कर हॅमरस्टाईनबरोबर शब्द आधी. जोडीदार बदलला की पद्धत बदलली. त्यामुळे 'खरी पद्धत कुठली' यावर वाद घालत बसू नका.

आमचं आता असं आहे की पात्र काही सांगत असेल, भांडत असेल तर शब्द आधी, आणि नुसता मूड हवा असेल तर मित्र मोबाईलवर ला-ला-ला करून डमी, म्हणजे बिनशब्दांची चाल पाठवतो त्यावर मी लिहिते.

एक प्रसंग सांगते म्हणजे नीट कळेल. ओळ होती 'थांबलीस तू उंबऱ्यापाशी'. मला उंबरा हवाच होता, त्यात सगळी घालमेल होती ना त्या बाईची. तालमीत नटी तिथे तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर जायची आणि नेमका 'उं' यायचा, गळा मिटल्यासारखा आवाज, तीन दिवस ती बिचारी स्वतःलाच दोष देत होती. शेवटी मित्र म्हणाला, अगं मात्रा मोज. उंबऱ्यापाशी नऊ मात्रा, केरवा ताल आठाचा. 'दारापाशी' केलं, आठ झाल्या, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर मोकळा 'दा' आला आणि पोरीचा सूर एकदम लागला. उंबरा गेला त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं, पण वरच्या लांब सुरावर शक्यतो 'आ' ठेवायचा, आणि जलद लयीत जोडाक्षरांची गर्दी नको, हे कुठल्या कार्यशाळेत नाही, त्या तालमीत शिकले.

गाणी कापली जातात, त्याची सवय करा. पहिल्या वाचनाला सगळी आवडतात, रन-थ्रूला, म्हणजे सलग तालमीला दिग्दर्शक म्हणतो नाटक इथे थांबतंय. आणि बरेचदा त्याचं बरोबर असतं, गाण्याच्या आधी जे कळलं तेच गाण्यात परत आलं तर प्रेक्षक मोबाईल काढतो. पण कापलेलं फेकू नका. 'साउथ पॅसिफिक' या आपल्याच संगीतिकेतून काढलेली एक चाल रॉजर्स-हॅमरस्टाईनने १९५१ च्या 'द किंग अँड आय'मधे नवे शब्द घालून वापरली, तेच 'गेटिंग टू नो यू'. माझ्या त्या आठ नापास गाण्यांपैकी दोन पुढे बालनाट्यात गेली!

आता कागदाचं. हे कुणी सांगत नाही आणि मैत्रीत विचारायला लाज वाटते. माझं एक गाणं दुसऱ्या एका संस्थेने वापरलं, जाहिरातीत संगीतकाराचं नाव, माझं नाही. विचारलं तर म्हणे आम्हाला वाटलं सगळं त्यांचंच. आपल्या कायद्यात गाण्याचे शब्द ही साहित्यकृती आणि चाल ही संगीतकृती, दोन्हीचे हक्क वेगळे, आणि ते त्या त्या माणसाच्या हयातीत आणि मरणानंतर ६० वर्षं टिकतात. म्हणजे जोडी फुटली तर तुमचे शब्द तुमचे, चाल त्याची, पण गाणं मात्र दोघांच्या होकाराशिवाय अडकलं. आम्ही आता नाटक सुरू करतानाच लिहून ठेवतो, नाव कसं येईल, मानधन किती, दुसऱ्या कुणी मागितलं तर कुणाला विचारायचं. एक पान, दोन सह्या. पहिला करार टपरीवर बसून केला, त्यावर चहाचा डाग आहे, चालतो.