पहिली स्नोमोबाईल जुनीच घ्या, पण माझ्यासारखी घेऊ नका

बर्फ पडायला लागला की नवीन आलेल्यांपैकी कोणी ना कोणी मला जुन्या स्नोमोबाईलचा (पुढे दोन स्की आणि मागे रबरी पट्टा, म्हणजे ट्रॅक, असलेली बर्फावरची गाडी) फोटो पाठवतंच, "ही घेऊ का?" म्हणून. आणि फोटोत बहुतेक वेळा तीच असते, लांबलचक ट्रॅकची आठशे सीसीची डोंगरी गाडी, चकाचक स्टिकर, हँडल उंच. मी हसत नाही, कारण पहिल्या वर्षी मीपण अशीच घेतली होती.

१६३ इंची ट्रॅक होता तिला. विकणारा म्हणाला, ताकद भरपूर, खोल बर्फात कुठे अडकणार नाही, आणि तो खोटं बोलत नव्हता हो, पण मी खोल बर्फात जाणारच नव्हतो, मी जाणार होतो ट्रेलवर, जिथे ग्रूमरने (बर्फ सपाट करणाऱ्या यंत्राने) बर्फ दाबून रस्त्यासारखा कडक केलेला असतो. पहिल्याच फेरीत अर्ध्या तासात टेंपरेचरचा लाल दिवा लागला. थांबलो, इंजिन बंद केलं, हाताने बर्फ उचलून टनेलवर (सीटखालचा, ट्रॅकवरचा धातूचा भाग) टाकत बसलो, तो वाफ होऊन उडायचा, परत टाकायचा. तेवढ्यात मागून एक म्हातारे गृहस्थ आले, थांबले, माझ्या ट्रॅककडे बघितलं आणि म्हणाले, स्क्रॅचर कुठेत? मला ती काय भानगड असते तेच माहीत नव्हतं.

तर ते आधी सांगतो. लिक्विड-कूल्ड स्नोमोबाईलला बहुतेक वेळा कारसारखा पुढे रेडिएटर नसतो. कूलंट सीटखालच्या टनेलमधल्या हीट एक्स्चेंजरमधून फिरतं आणि ट्रॅकने उडवलेला बर्फ त्याला थंड करतो. बर्फ उडालाच नाही, म्हणजे ट्रेल कडक असेल, बर्फ कमी असेल, नुसता आईस असेल, की इंजिन तापतं. वर ट्रॅक ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर सरकतो त्यांनाही (हायफॅक्स म्हणतात) तोच बर्फ वंगण असतो, तो नसेल तर त्या वितळायला लागतात. स्क्रॅचर म्हणजे या पट्ट्या ज्यावर बसवलेल्या असतात त्या रेलला लावलेल्या स्प्रिंगच्या दोन काड्या, जमिनीवर घासत जातात आणि बर्फाचा चुरा वर उडवतात. एवढीशी वस्तू, पण कडक ट्रेलवर तिच्यावाचून बाहेर पडू नका.

म्हणून जाहिरातीत आधी इंजिन बघू नका, ट्रॅकचे आकडे बघा. ट्रेलसाठी १२० ते १३७ इंच लांबी. १२० वाली वळणावर झकास वळते पण खड्डेखड्डे झालेल्या ट्रेलवर कंबर ढिली करते, १२९ मधली, आणि १३७ वाली दोन खड्ड्यांवरून सरळ जाते, मला स्वतःला तीच आवडते. ट्रॅकचे दात साधारण एक ते सव्वा इंच, दीडच्या वर जाऊ नका. दोन-अडीच इंची दात खोल बर्फात फावड्यासारखे काम करतात, कडक ट्रेलवर ते वाकतात, तापतात आणि शेवटी फाटून उडतात. मागे कोणाला बसवायचं असेल तर दोघांसाठी बनवलेली टूरिंग गाडीच घ्या, एकट्याच्या सीटवर दुसऱ्याला चिकटवून नेऊ नका.

आता इंजिन. टू-स्ट्रोक हलकं, उड्या मारणारं, पण ऑइल पितं आणि कधीतरी वरचं काम, पिस्टन-रिंग वगैरे, निघतंच. फोर-स्ट्रोक जड, पुढचं तोंड वळणावर जरा बाहेर पळतं, पण पेट्रोल कमी, वास नाही, आणि नीट ऑइल बदललेलं असेल तर वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही.

नवशिक्याला मी तीन दिशा सांगतो. पहिली, ६०० टू-स्ट्रोक. स्की-डूचं ६०० ई-टेक (२००९ च्या मॉडेलपासून), पोलारिसचं ६०० क्लीनफायर, आर्क्टिक कॅटचं ६००० सी-टेक २ (२०१४ पासून), तिन्ही शंभरच्या वर हॉर्सपॉवरवाली, ट्रेलवर याहून जास्त लागतच नाही, कोणी काही म्हणो. ई-टेकची एक गंमत म्हणजे सीझन संपल्यावर इंजिनच्या आत ऑइल मारून ठेवायचा मोड गाडीतच असतो. दुसरी, शांत प्रकृतीच्या माणसासाठी स्की-डूमध्ये येणारं रोटॅक्सचं ९०० एस (ACE), तीन सिलेंडरचं फोर-स्ट्रोक, २०१४ पासून, ९० हॉर्सपॉवर. त्याचा धाकटा भाऊ ६०० एस साठचा, भावंडांना किंवा बायकोला शिकवायला उत्तम, आणि ती तुमच्यापेक्षा चांगली चालवायला लागली तर तक्रार माझ्याकडे आणू नका. तिसरी, जुनी ५५० फॅन-कूल्ड. हवेवर थंड होते म्हणून कमी बर्फात इंजिन तापायची काळजी नाही, इंजिन एवढं साधं की घरी उघडता येतं. वेग कमी, पण पहिल्या हिवाळ्यात तुम्हाला वेग नकोच आहे.

यामाहाच्या जुन्या फोर-स्ट्रोक, व्हेक्टर, नायट्रो, अपेक्स, याही टिकाऊ म्हणून नावाजलेल्या, फक्त वजन जाणवतं आणि अडकली तर एकट्याला निघत नाही. यामाहाने २०२३ मध्येच सांगून टाकलं की २०२५ च्या मॉडेलनंतर स्नोमोबाईल बंद, तेव्हा घेण्याआधी जवळपास पार्ट कोण ठेवतो ते विचारून घ्या. आर्क्टिक कॅटचंही मध्ये उत्पादन थांबलं होतं, मग कंपनी दुसऱ्यांच्या हातात गेली, तिथेही हाच प्रश्न.

पण खरं सांगू का, मॉडेलपेक्षा समोर उभी असलेली ती एक गाडी कशी आहे हे महत्त्वाचं. जायच्या आधी फोन करून सांगा, मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर पहिलं काम, साइड पॅनल उघडून एक्झॉस्टच्या पाइपवर हात ठेवा. गरम लागला तर समजा थंडीत ती सहज चालू होत नाही आणि मालकाला ते ठाऊक आहे. टू-स्ट्रोकला कॉम्प्रेशन गेज लावा, आकडा किती यापेक्षा दोन सिलेंडर सारखे आहेत का ते बघा, दहा टक्क्यांच्या वर फरक असेल तर नमस्कार करून निघा. मग मागची बाजू स्टँडवर उचला, ट्रॅक हाताने फिरवा, टॉर्च मारा: दात तुटलेत का, कडा सुटल्यात का, दोऱ्या बाहेर आल्यात का. ट्रॅकच्या आतली चाकं एकेक फिरवून कान द्या, खरखर आली तर बेअरिंग गेलं. स्कीचं टोक धरून डावीउजवीकडे हलवा, खडखड जास्त असेल तर जॉइंट आणि बुश संपलेत. पंधरा वर्षांच्या गाडीवर एकच पॅनल कोरं नवं दिसलं तर ती कशावर आदळली होती ते विचारा, आणि विचारताना तोंडाकडे बघा. एअरबॉक्सचं (इंजिनला हवा जाते तो डबा) झाकण काढा, उंदराचं घरटं निघणं अजिबात दुर्मिळ नाही. स्कीखालची कार्बाइडची कडक पट्टी झिजलेली असेल तर घाबरू नका, ती बदलायचीच असते, भाव करायला कामाला येते.

किलोमीटर कमी बघून भुलू नका. दहा वर्षं शेडमध्ये उभी राहिलेली कमी चाललेली गाडी मला नको असते, सील वाळलेले, कार्ब्युरेटर चिकटलेला, क्रँकच्या बेअरिंगला गंज. दरवर्षी चाललेली, बेल्ट-ऑइल वेळेवर बदललेली जास्त किलोमीटरची बरी. टनेलच्या बाजूला ठोकलेला नंबर कागदावरच्या नंबरशी ताडून बघा, गाडीवर कर्ज नाही ना विचारा, आणि सायलेन्सर कंपनीचाच आहे ना हेही, कारण आवाज वाढवलेल्या गाड्या पुष्कळ ट्रेलवर चालत नाहीत. घरी आणल्यावर एक नवीन ड्राइव्ह बेल्ट घेऊन सीटखाली टाका, गिअरलेस स्कूटरसारखंच सगळं बेल्टवर आहे, तुटला की तुम्ही जंगलात. आणि टेदरची दोरी (तुम्ही पडलात की ओढली जाऊन इंजिन बंद करणारी) जॅकेटला लावल्याशिवाय स्टार्टरला हात नाही.

माझी ती १६३ इंची पुढच्या हिवाळ्यात विकली. घ्यायला आलेला मुलगाही नवीनच होता. स्क्रॅचर लावूनच दिले मी, आणि दोनदा सांगितलं की ही खोल बर्फाची गाडी आहे, ट्रेलची नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि मग सीटवर बसून विचारलं, ताकद भरपूर आहे ना?