बोट घेत नाही म्हणून सेटिंग ढिलं करू नका: कारागृहातल्या बायोमेट्रिकच्या चुका

आम्ही कारागृहांत बोटांच्या ठशांवरून ओळख पटवणारी मशीन बसवतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या वर्कशॉपला नवा मुलगा लागला की आठवड्याभरात विचारतोच, "सर, बोट घेत नाहीये, सेटिंग जरा ढिलं करू का?" नाही. ऑफिसच्या हजेरीत गडबड झाली तर फार तर अर्ध्या दिवसाचा पगार कापला जातो. कारागृहाच्या गेटवर गडबड झाली तर सुटायचा माणूस आत राहतो.

मूळ चूक नोंदणीच्या घाईत असते. संध्याकाळी कोर्टाच्या गाड्या येतात, नवे बंदी, म्हणजे कैदी, एकदम उतरतात आणि बराकी बंद करायची वेळ झालेली असते. मग उजव्या हाताचं एकच बोट, एकदाच, येईल तसं. गवंडीकाम केलेल्याच्या बोटांवरच्या रेषा सिमेंटने झिजलेल्या असतात. पावसाळ्यात इथली खाडीची हवा काचेवर दमटपणा धरते. मी दहाही बोटं घेतो, प्रत्येक तीनदा, दर माणसामागे काच सुती फडक्याने पुसून. कातडी कोरडी असेल तर बोट कपाळावरून फिरवायला सांगतो. तेवढ्या तेलाने ठसा उठतो. तरीही जमलं नाही तर बुबुळ, आणि तेही खिडकीच्या उन्हापासून लांब. यात माणशी पाच मिनिटं जास्त जातात. ती जाऊ द्यावीत.

ढिल्या सेटिंगने काय होतं ते मी पाहिलंय. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका कारागृहात रांग सरकेना म्हणून आमच्याच माणसाने जुळणीची मर्यादा, म्हणजे ठसा किती जुळला की मशीनने मान्य करायचं ती पातळी, खाली आणली होती. जामिनाचा कागद आला, बराकीत नाव पुकारलं आणि त्याच नावाचा दुसराच बंदी उठून आला. मशीनने हिरवा दिवा दिला. शेवटच्या गेटवरच्या वयस्कर हवालदारांनी वडिलांचं नाव विचारलं, रजिस्टरमधलं ओळखचिन्ह पाहिलं. भुवईवर व्रण लिहिलेला, समोरच्याला व्रणच नाही. ज्याला सुटायचं होतं तो आत वाट पाहत बसला होता आणि त्याची आई रात्री नऊपर्यंत फाटकाबाहेर उभी होती. त्या आईचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

हिशोब साधा आहे. एका तुलनेत लाखात एकदा चुकणारं यंत्र चांगलंच म्हणायचं. पण तेच बोट २,००० नोंदींशी ताडलं की दर शोधामागे चुकीची शक्यता सुमारे २ टक्के होते. म्हणून सुटकेच्या वेळी आधी बंदी क्रमांक टाका, त्या एकाच नोंदीशी बोट जुळवा आणि ओळखचिन्ह माणसानेच तपासावं. हे वेळखाऊ वाटत असेल त्यांनी हे काम घेऊ नये.

सगळ्या मशीनची घड्याळं एकाच सर्व्हरशी जुळवा, नाहीतर बंदी बराकीतून निघण्याआधीच गेटबाहेर गेल्याची नोंद दिसते.

दरवाजा उघडणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, बोट वाचणाऱ्या रीडरच्या डब्यात नको, भिंतीच्या सुरक्षित बाजूला.

ठसे स्वतःच्या लॅपटॉपवर किंवा पेन ड्राइव्हवर "टेस्टिंगसाठी" घेऊ नका. कैद्यांच्या ओळखीचा १९२० चा जुना कायदा जाऊन २०२२ चा आला, त्यात बुबुळ आणि दृष्टिपटलाचं स्कॅनही आलं आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे या नोंदी ७५ वर्षं राहतात. पासवर्ड बदलता येतो, बोट नाही.

आणि वीज. काम ताब्यात देण्याआधी मी अधिकाऱ्यांना सोबत घेऊन मेन स्विच पाडतो आणि प्रत्येक दरवाजा किल्लीने उघडून बघतो. मागच्या खेपेला अकरापैकी दोन किल्ल्या लागल्याच नाहीत.