स्वस्त हेडफोन अँप: पहिल्या तासात काय तपासाल

नाशकात एम. जी. रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, परत करायची मुदत संपण्याआधी अँप (हेडफोनसाठी आवाज वाढवणारा अँप्लिफायर) नीट तपासा.

आवाजाचा नॉब शून्यावर, गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते ठरवणारं बटण) ‘लो’वर ठेवून पॉवर द्या. हेडफोन सगळ्यात शेवटी लावा. चालू होतानाचा ‘टप्प’ नाजूक इअरफोनला घातक ठरू शकतो. लॅपटॉपचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा.

आता एकच आवाज मधोमध असलेलं गाणं लावून नॉब हळूहळू फिरवा. अगदी सुरुवातीला एक कान मोठा वाजतो, कारण स्वस्त नॉबच्या आतले डाव्या-उजव्या बाजूचे दोन ट्रॅक तिथे जुळत नाहीत. तेवढं चालतं. पण नॉब निम्म्यावर गेल्यावरही आवाज एका बाजूला झुकत असेल, तर अँपमागच्या लाल-पांढऱ्या पिना अदलाबदल करा. झुकाव दुसऱ्या कानात गेला तर खोट केबलमध्ये किंवा लॅपटॉपमध्ये; तिथेच राहिला तर अँपमध्ये किंवा हेडफोनमध्ये.

गुणगुण येतेय? लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. थांबली तर बहुधा ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून नको असलेला करंट फिरतोय. चार्जर आणि अँप, दोन्हींचे प्लग एकाच बोर्डवर घ्या. अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका.

३२ ओहमच्या हेडफोनला अँपचा आउटपुट इम्पिडन्स (अँपच्या आउटपुटचा स्वतःचा विद्युत विरोध) ४ ओहम किंवा त्याहून कमी हवा.