गाडीचे कुलूप जड झाले आहे? या चुका टाळा

पावसाळा सरता सरता स्कूटर-मोटारसायकलींची कुलपे कुरकुर करू लागतात. चावी आत जाते पण फिरत नाही, किंवा फिरली तर बाहेर यायला तयार नसते. अशा वेळी घरात पहिली हाताशी येते ती खोबरेल तेलाची बाटली, आणि माझ्या मते सर्वांत नुकसानकारक चूक तीच आहे. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसखाली थिजू लागते. मी एका पावसाळ्यात माझ्या स्कूटरच्या कुलपात ते घातले होते. दोन-तीन महिने चावी अलगद फिरली, पण डिसेंबरातल्या एका पहाटे ती अर्ध्यावरच अडली. हळूहळू हलवत बाहेर काढली, तेव्हा तिच्या खाचांत मेणासारखा राखाडी थर बसलेला होता आणि बोटाने चोळल्यावर त्यातली बारीक माती खरखरीत लागत होती.

कुलपाच्या आत पातळ पत्र्या असतात आणि त्यांना नाजूक स्प्रिंगा असतात. योग्य चावी आत गेली की सर्व पत्र्या एका पातळीत येतात आणि मगच आतला भाग फिरतो. त्यांतली एक जरी चिकटून किंचित वर राहिली, तरी कुलूप अडते. म्हणूनच धूळ धरून ठेवणारे इंजिन ऑइल किंवा ग्रीसही येथे चालत नाही.

डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे मळ सोडवण्यासाठी उत्तम आहे, परंतु त्यातला बराचसा भाग उडून जातो, त्यामुळे तेवढ्यावरच काम संपले असे समजू नये. गाडी बंद ठेवून नळीने थोडा फवारा आत मारावा, चावी दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करावी आणि दर वेळी ती फडक्याने पुसावी. फडक्यावर काळे उमटणे थांबले की कुलूप रात्रभर सुकू द्यावे. त्यानंतर डिकीच्या कुलपात कोरडे वंगण म्हणून चिमूटभर ग्रॅफाइट पूड पुरते. ओल्या कुलपात ती घातली, तर तिचा चिखल होतो. इग्निशनच्या कुलपाखाली विजेचे संपर्कबिंदू असतात आणि ग्रॅफाइटमधून वीज वाहते, म्हणून तेथे टेफ्लॉनयुक्त सुका स्प्रे अधिक सुरक्षित ठरतो.

चावी फिरत नाही म्हणून पक्कड लावू नये, कारण ती खाचेपाशी तुटते आणि तुकडा आतच राहतो. हँडल लॉक केलेले असेल, तर बहुतेक वेळा दोष कुलपाचा नसून हँडलच्या दाबाचा असतो. हँडल किंचित हलवत चावी फिरवली की ते सुटते.

एवढे करूनही अडचण राहिली, तर कपाटातली दुसरी चावी लावून पाहावी. तिने कुलूप सहज उघडले, तर रोजची चावी झिजली आहे. नवी चावी करून घेताना चावीवाल्याला ही न झिजलेलीच द्यावी. झिजलेल्या चावीवरून केलेल्या नकलेत तीच झीज उतरते.